अस्वलांच्या गावातला कचरा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेलं भाषण. बोलण्याची भाषा बहुतांशी तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षांच्या सोहळ्यात कचऱ्यावर कुणी बोलतं का, असं ए विंगच्या वहिनींनी मला परवा लिफ्टमध्ये विचारलं. त्यांचं बरोबर आहे. आधी मी ‘माझा कॅनडा प्रवास’ असा विषय दिला होता. पण प्रवासाचं लिहायला बसले आणि बर्फ, डोंगर, तळी दोन पानांत संपली. उरला तो कचरा. तेव्हा तोच सांगते.

माझी मुलगी आणि जावई कॅनडात कॅनमोर नावाच्या गावात राहतात. अल्बर्टा प्रांतातलं, रॉकी पर्वताच्या कुशीतलं गाव. कॅलगरीपासून साधारण १०० किलोमीटर. उंची म्हणाल तर जवळपास आपल्या महाबळेश्वरएवढीच. मधून बो नदी वाहते. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ हजारांच्या आतच होती. पूर्वी कोळशाच्या खाणीचं गाव. खाण १९७९ साली बंद पडली, १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिथे स्कीइंगच्या स्पर्धा झाल्या आणि मग पर्यटन आलं. पुढे काही मैलांवर बॅन्फ राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. जावई एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे, मुलगी घरूनच काम करते. २०१७ साली नातवाच्या वेळी मी मे महिन्यात गेले ती ऑक्टोबरपर्यंत राहिले.

पहिल्याच दिवशी मी मुलीला विचारलं, “कचऱ्याची गाडी किती वाजता येते गं?” आपल्याला सवयच ना, सकाळी दारात डबा ठेवला की संपलं. ती म्हणाली, “आई, गाडी दारात येत नाही. आपण जायचं.” कॅनमोरमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घराघरातून कचरा उचलणं बंद केलं. त्याऐवजी प्रत्येक वस्तीत, चालत दोन-तीन मिनिटांवर, जाड लोखंडाच्या मोठ्या पेट्या बसवल्या. जमिनीला पक्क्या ठोकलेल्या. झाकणाचं हँडल एका खोबणीच्या आत असतं. माणसाने हात आत घालून बोटांनी खटका दाबायचा, मग झाकण उघडतं. अस्वलाचा पंजा त्या खोबणीत जात नाही, नखं खटक्यापर्यंत पोचत नाहीत. एवढीच सगळी करामत. विजेवर चालणारं काही नाही, की कॅमेरा नाही. मला मात्र पहिल्यांदा ते उघडता आलं नाही. मागे एक सहा-सात वर्षांची मुलगी पिशवी घेऊन उभी होती. तिने पुढे होऊन उघडून दिलं आणि “तू नवीन आहेस का?” असं विचारलं. म्हटलं, चौतीस वर्षं बँकेत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या आणि इथे कचऱ्याच्या डब्याने माझी परीक्षा घेतली.

हे सगळं का, तर अस्वलांसाठी. म्हणजे अस्वलांपासून माणसांसाठी, आणि खरं तर माणसांपासून अस्वलांसाठी. तिथे काळी अस्वलं आहेत आणि ग्रिझली आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना थंडीतल्या झोपेसाठी चरबी साठवायची असते. त्या दिवसांत ग्रिझली दिवसाला वीस हजारांपर्यंत कॅलरी खाऊ शकतं, म्हणजे आपल्यासारख्या दहा माणसांचं जेवण. तेही कशातून, तर बफेलोबेरी नावाच्या वाटाण्याएवढ्या लाल फळांतून. एक ग्रिझली दिवसाला दोन लाखांपर्यंत फळं खातं असं तिथल्या उद्यानाचे लोक सांगतात. आता तुम्हीच विचार करा. दिवसभर झुडपं ओरबाडून दोन लाख फळं खायची, की कुणाच्या तरी मागच्या अंगणातली एक पिशवी फाडायची? आपणसुद्धा काय केलं असतं?

बॅन्फमध्ये हे फार महागात पडलं होतं. १९८० साली गावाला लागूनच असलेल्या व्हिस्की क्रीकच्या झाडीत अस्वलाने माणसांवर हल्ले केले, एकाचा जीव गेला. जवळच्या हॉटेलांच्या उघड्या खरकट्याची अस्वलांना चटक लागली होती. त्यानंतर बॅन्फने अस्वलाला न उघडणाऱ्या पेट्या आणल्या. कॅनमोर उशिराने त्याच वाटेने गेलं.

पेट्या आल्या म्हणून काम संपलं नाही. अस्वलाला ओढून आणणारं जे जे काही, ते सगळं यादीत. पक्ष्यांना दाणे घालायची भांडी १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर टांगायची नाहीत. बार्बेक्यूची जाळी घासून ठेवायची. अंगणात फळझाड असेल तर फळं वेळेवर उतरवायची. झाड नकोसं झालं तर ते काढायला गाव मदत करतं. मला हे ऐकून वाईट वाटलं. झाड तोडायला पैसे? पण ऑगस्टमध्ये सफरचंदाच्या झाडाखाली काळं अस्वल बसलेलं जावयाने मोबाइलवर दाखवलं, आणि त्या घरासमोरून शाळेची वाट जात होती.

सशांची गोष्ट तर गमतीची. ऐंशीच्या दशकात कुणीतरी पाळीव ससे मोकळे सोडले. त्यांची प्रजा इतकी वाढली की गावभर करडे, पांढरे, ठिपक्यांचे ससे. पर्यटक फोटो काढतात. पण सशांच्या मागे कॉयोटी आणि कूगर वस्तीत येतात. म्हणून गाव कंत्राटदार नेमून ससे पकडतं. त्यावरून गावात दोन तट आहेत आणि भांडणं आपल्या सर्वसाधारण सभेपेक्षा कमी नसतात. ऐकून मला जरा बरंच वाटलं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ही मी इथे आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती. दीड दिवसाचा गणपती बसवला. आजूबाजूची सात-आठ भारतीय कुटुंबं जमली, मी उकडीचे मोदक केले. नारळ कॅलगरीहून आणले होते, आमरसाचे डबे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बादलीत विसर्जन झालं, पाहुणे गेले, मुलगी बाळाला घेऊन झोपली. स्वयंपाकघरात एक भलीमोठी पिशवी भरली होती: करवंट्या, गुळाचा चिकट कागद, केळ्याच्या साली, आमरसाचे न धुतलेले डबे, फुटलेले दोन मोदक. रात्रीचे साडेदहा. बाहेर अंधार. मला एकटीला पेटीपर्यंत जायची भीती वाटली, कशाची, तर अस्वलाची! म्हणून मी ती पिशवी मागच्या लाकडी ओट्यावर ठेवली, वर पालथी बादली घातली. म्हटलं, सकाळी टाकू.

पहाटे पाचच्या सुमाराला शेजारच्या आजींनी खिडकीतून अस्वल पाहिलं. काळं, फार मोठं नाही. मला काहीच ऐकू आलं नाही. सकाळी दार उघडलं तर बादली खाली गवतात, पिशवीच्या चिंध्या, आणि आमरसाचा डबा असा चाटून लख्ख केलेला की मी घासूनही तेवढा झाला नसता. पत्र्याला दातांची दोन भोकं. कठड्यावर नखांचे चार ओरखडे.

आजींनी फोन केला होता. तासाभरात वन्यजीव विभागाचा एक तरुण अधिकारी आला. मी घाबरले होते. दंड होतो हे ठाऊक होतं. तो ओरडला नाही. त्याने वहीत टिपून घेतलं: काय होतं पिशवीत, किती होतं, किती वाजता ठेवलं. मग मुलीला म्हणाला आणि तिने मला मराठीत सांगितलं, “त्या अस्वलाला आता हा ओटा कळला. ते परत येईल. इथे काही मिळालं नाही तर शेजारी बघेल. असंच धीट होत गेलं तर आम्हाला त्याला पकडावं लागेल, आणि पकडलेली सगळी अस्वलं सोडता येत नाहीत.” समज देऊन तो गेला. मी तो ओटा गरम पाण्याने आणि व्हिनेगरने तीन वेळा घासला.

तिसऱ्या रात्री ते परत आलं. या वेळी मी जागीच होते. ओट्यावर उभं राहून त्याने जिथे पिशवी होती तिथली फळी हुंगली. बराच वेळ हुंगली. जावयाने पातेल्यांवर झारा बडवून आरडाओरडा केला, तसं ते उतरून गेलं. सप्टेंबरच्या मध्यावर खालच्या वस्तीत एक काळं अस्वल पिंजऱ्यात सापडल्याचं कळलं. पिंजरा म्हणजे चाकांवर बसवलेलं मोठं लोखंडी नळकांडं, आत मांस. तेच अस्वल होतं की दुसरं, त्याचं पुढे काय झालं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायला धीर झाला नाही.

त्याच उन्हाळ्यात तिथे सगळ्यांच्या तोंडी ‘१४८’ होतं. हा आकडा एका ग्रिझली मादीचा. सहा वर्षांची, गळ्यात पट्टा, बॅन्फ आणि कॅनमोरच्या आसपास वावरणारी. तिचा कचऱ्याशी संबंध नव्हता हे आधी सांगते. पण माणसांच्या, कुत्र्यांच्या मागे धावल्याच्या घटना वाढल्या आणि जुलै २०१७ मध्ये तिला पकडून शेकडो किलोमीटर उत्तरेला काक्वा नावाच्या रानात सोडलं. ती तिथून चालत ब्रिटिश कोलंबियाच्या हद्दीत गेली. तिथे तेव्हा ग्रिझलीची शिकार कायदेशीर होती. २४ सप्टेंबरला एका शिकाऱ्याने तिला मारलं. आमच्या घरात त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. डिसेंबरात त्या प्रांताने ग्रिझलीची शिकार बंद केली. तशी घोषणा आधीच झाली होती, पण तिच्या कामी आली नाही.

‘उचला आणि लांब नेऊन सोडा’ हे वाक्य आपल्याला काही नवीन नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी सी विंगच्या मागच्या भिंतीवर रात्री पावणेतीनला बिबट्या दिसला, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी आठपर्यंत एकशे चाळीस मेसेज होते आणि त्यातले निम्मे ‘पिंजरा लावा’ असे होते. एक माझाही होता, खोटं कशाला बोलू.

नंतर मी वाचलं. जुन्नर भागात २००१ नंतर अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अथ्रेया यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा जिथे सोडले त्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढलेले दिसले. ओळखीची जागा सुटलेलं जनावर बिथरतं, आणि इकडे त्याच्या रिकाम्या जागी दुसरं येतं. आपल्या राष्ट्रीय उद्यानातही बाहेरून आणून बिबटे सोडले जात होते. २००४ साली उद्यानाभोवती काय झालं ते इथे बसलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. तेव्हा आपली सोसायटी नवी होती आणि आपण संध्याकाळी सातनंतर मुलांना खाली सोडत नव्हतो. २०११ साली केंद्र सरकारने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांतही हेच आहे, बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडायचा नाही.

संजय गांधी उद्यान १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात पन्नासेक बिबटे. येऊरची झाडी आपल्या भिंतीपासून किती लांब आहे हे मला सांगायला नको. बिबट्याला आपल्या खरकट्यात रस नाही. त्याला कुत्री हवी असतात. उद्यानाभोवतीच्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. आणि कुत्री कुठे जमतात? सी विंगच्या मागे, आपल्या तीन उघड्या पिंपांभोवती. कॅमेऱ्याचं चित्र मी पुन्हा पाहिलं. बिबट्या भिंतीवर बसून पिंपांकडेच बघत होता, तिथे झोपलेल्या कुत्र्यांकडे. जिथे पहाटे साडेसहाला आपल्या सफाईच्या मावशी एकट्या वाकून पिंपातला ओला-सुका हाताने वेगळा करतात, तीच ती जागा.

वाकून म्हणाले, कारण उंचीचा फरक पडतो. दोन पायांवर उभा माणूस आणि खाली बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला सारखा दिसत नाही. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “ताई, मग पिशव्या वेगवेगळ्या द्या ना वरूनच. मला वाकायला कशाला लावता?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॅनमोरचं सगळंच छान आहे असं मात्र नाही हं. उणे वीसमध्ये, बर्फावरून घसरत पिशवी घेऊन जायचं, हे म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. शेजारच्या आजींची पिशवी माझा जावईच नेतो. सुट्टीला आलेले पर्यटक पेटी भरली तर पिशवी बाहेर ठेवून जातात. आणि माणशी कचरा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. एका केकला तीन वेष्टनं. आपला भंगारवाला आणि रद्दीवाला तिथे नाही. त्याऐवजी बाटल्यांवर अनामत असते: एक लिटरपर्यंतच्या बाटलीवर १० सेंट, मोठीवर २५. दुधाच्या डब्यावरसुद्धा. रिकाम्या नेऊन दिल्या की पैसे परत. माझा नातू आता सायकलच्या टोपलीत बाटल्या गोळा करून खाऊचे पैसे काढतो. आपल्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत ठरली होती, आठवतं? माझ्या खणात धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांची एक चळत अजून त्या ५० पैशांची वाट बघत पडली आहे.

मी २०२३ साली पुन्हा गेले, तेव्हा त्या पेट्यांच्या रांगेत ओल्या खरकट्यासाठी वेगळी पेटी आली होती. तीही अस्वलाला न उघडणारी. पुठ्ठा, कागद, डबे-बाटल्या यांचे डबे आधीपासून होतेच. म्हणजे ज्या गावात अन्नाच्या वासाची सगळ्यात जास्त धास्ती, त्यांनीही ओला कचरा वेगळा करून दाखवला. वास येतो, कीड होते, जनावरं येतात, ही आपली कारणं तिथेही निघाली असणार.

आपल्याकडे ही कारणं कधी निघाली ते सांगते, कारण इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे आपल्याएवढ्या जागेच्या सोसायटीने ओला कचरा आवारातच जिरवायचा होता. आपण २०१८ मध्ये खताचे दोन मोठे ड्रम घेतले. आठ महिने चालवले. खत झालंसुद्धा, ए विंगच्या जास्वंदी त्यावरच आल्या. मग पावसाळ्यात भुसा घालायचा राहिला, पाणी शिरलं, वास सुटला, झाकण कुणीतरी उघडं ठेवलं आणि कुत्र्यांनी एक ड्रम आडवा केला. पुढच्या सभेत ठराव झाला, ‘तूर्त स्थगित’. ते तूर्त अजून चालू आहे. त्या सभेत मी स्थगितीच्या बाजूने हात वर केला होता. मला गुडघेदुखी होती आणि भुसा घालायची पाळी माझी होती.

येत्या सभेत विषय क्रमांक सात माझा आहे. तीन गोष्टी मागणार आहे. पिंपं मागच्या भिंतीपासून उचलून वॉचमनच्या केबिनशेजारी, जाळीच्या खोलीत, कडीच्या झाकणाची आणायची. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी, आणि त्यांचं प्रेम मला समजतं, माझ्या घरातलंही एक माणूस त्यात आहे, तिथे न घालता पुढच्या फाटकाबाहेर ठरलेल्या वेळी घालायचं आणि उरलेलं उचलायचं. नसबंदीचा खर्च सोसायटीने करायचा. आणि ड्रम पुन्हा सुरू करायचे. खर्चाचा आकडा खजिनदारांकडे दिला आहे. केबिनजवळ वास येईल म्हणून ए विंगचा विरोध होणार, हे वहिनींनी लिफ्टमध्येच सांगून ठेवलंय. तो रास्त आहे. तीन मिनिटं चालायला नको म्हणून सी विंगचाही होणार. त्यावर भांडू. सशांवरून ते भांडतात तसं.

सभेची वाट न बघता एक मात्र मी सुरू केलंय. जुना ड्रम मागच्या आठवड्यात धुऊन घेतला, भुशाची दोन पोती आणली, झाकणाला आमच्या जुन्या कपाटाची कडी बसवून घेतली. कुत्र्याला उघडत नाही, दोन रात्री बघितलं. सध्या बी विंगच्या सहा घरांचं ओलं त्यात जातं. रोज रात्री साडेनऊला मी खाली असते, जिने उतरताना थोडा वेळ लागतो. ज्यांना द्यायचं असेल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून न आणता डब्यातून आणावं. आणि आमरसाचा डबा असेल तर कृपा करून आधी विसळून घ्या.

थांबते.